सात जागांची राखण

हेरन पॉइंट हॉटेलच्या लॉबीत बसायच्या जागा चौपन्न. चौदा खुर्च्या, दोघांचे नऊ सोफे, तिघांचे पाच, आणि तळ्याकडच्या काचेसमोर सात जणांचा एक अर्धगोल सोफा. शुक्रवारी सकाळी दहा वाजता त्यातल्या तेहेतीस जागा भरलेल्या होत्या : बावीस माणसांनी, अकरा सामानाने. बावीसपैकी पाच जण झोपलेले, त्यातल्या दोघांची तोंडं उघडी. अकरापैकी सहा जागांवरचं सामान एकाच बाईचं.

ती अर्धगोल सोफ्याच्या मधोमध बसली होती. डावीकडे दोन पाठपिशव्या आणि गुंडाळलेला टॉवेल, उजवीकडे बर्फाची पेटी, रेनकोटांची पिशवी आणि आडवी ठेवलेली काठी. अंगात पोपटी टी-शर्ट. छातीवर छापलं होतं, 'बेस कॅम्प'.

हे मोजणं माझं काम होतं. त्या मे महिन्यात मी जीवशास्त्राची पदवी घेतली होती. शेवटच्या वर्षी दलदलीतल्या बगळ्यांवर प्रकल्प केला होता : पक्षी घरट्यावर किती वेळ बसतो, उठला तर ती जागा किती वेळात दुसरा घेतो. हॉटेलला माणसांबद्दल तेच हवं होतं, म्हणून त्यांनी मला उन्हाळ्यापुरतं घेतलं.

लॉबी सगळ्यांना खुली होती. खोली नसलेल्यांनी बसू नये, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि बसणाऱ्यांपैकी निम्मे खोली नसलेलेच असत. ते हायवेवरच्या स्वस्त मोटेलांत उतरत. भर दुपारी तळ्यापलीकडच्या मनोरंजन पार्कातून तिथे जाऊन परत यायचं तर दीड तास मोडतो. त्यापेक्षा फाटकापासून हॉटेलची होडी पकडायची, तळं ओलांडायचं आणि गार हवेत पाठ टेकायची. तिथले संकेत सगळ्यांना पाठ होते. बसून झोपलं तर चालतं, आडवं झालं तर नाही. मुलाचं डोकं मांडीवर चालतं, नवऱ्याचं नाही. एका पिशवीने एक जागा अडवावी, तीही कॉफी गार होईपर्यंत. बुटांच्या नाड्या सैल कराव्यात, बूट काढू नयेत. आणि कुणी कुणाला खोलीचा नंबर विचारू नये. 'किती दिवस आहात?' एवढंच विचारावं आणि मनगटाकडे बघावं. खोली असलेल्यांच्या मनगटावर पिवळी पट्टी असते.

माझ्या टॅबलेटवर प्रत्येक जागेपुढे चार चौकोन होते : बसलेला, झोपलेला, आडवा, अनवाणी. शेवटच्या दोनपैकी एकात खूण केली की लॉबीचा सुपरवायझर लमार याच्या मनगटावरचं घड्याळ थरथरायचं. संकेत मोडणाऱ्यालाच त्याने नंबर विचारायचा, इतरांना नाही, अशी हॉटेलची शिस्त होती.

त्या बाईचं नाव अर्डिथ स्टॉकडेल. वय अठ्ठ्याहत्तर, गाव वेस्ट व्हर्जिनियातलं. सोमवारपासून ती रोज साडेनऊच्या आत येत होती. दीड वाजता तिची माणसं पार्कातून येत, अडीच तास सोफ्यावर लोळत आणि चारला उठून पुन्हा आत जात. ती सामानापाशी थांबे. सून रॉन्डाच्या टी-शर्टावर 'कॅप्टन' होतं, मुलगा डॅरेलच्या टी-शर्टावर 'ड्रायव्हर'. रॉन्डाने सहलीचं अर्ध्या-अर्ध्या तासाचं वेळापत्रक करून प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवलं होतं.

दर तासाला मला बसलेल्यांना एक प्रश्न विचारावा लागे.

"अजून किती वेळ बसणार, मॅम?"

"चारपर्यंत," अर्डिथ म्हणाली. "आज चारला मी आत जाणार."

हे ती सोमवारीही म्हणाली होती. तिच्याकडे एकाच दिवसाचं तिकीट होतं, आठवड्यात कधीही वापरावं, पण शुक्रवारपर्यंत. रॉन्डा सोमवारी म्हणाली उद्या, मंगळवारी म्हणाली आज फार ऊन आहे, बुधवारी परेड होती, गुरुवारी धाकट्याला उलटी झाली. तिकीट अर्डिथने गळ्यातल्या छोट्या पाकिटात ठेवलं होतं. दिवसातून चार-पाच वेळा ती ते चाचपून बघे.

"एकच करायचंय मला. ती अंधारातली होडी, हळू चालते ती. माझी नात किन्स्ली म्हणाली, मॅमॉ, आपण दोघी पहिल्या ओळीत बसू. नऊ वर्षांची आहे. पुढच्या वर्षी असं म्हणणार नाही."

"पण आज जोलीन बसणार होती ना?"

जोलीन ही रॉन्डाची बहीण. तिचं चार दिवसांचं तिकीट गुरुवारी संपलं होतं.

"तिचं डोकं दुखतंय. मोटेलच्या तलावात बसलं की थांबतं म्हणे." अर्डिथने माझ्या छातीवरची पाटी वाचली. "कॉरिन. आमच्या चर्चमध्ये एक कॉरिन होती. तिला दुसऱ्याच्या घरातलं सगळं माहीत असायचं."

"मी फक्त मोजते."

"तीही असंच म्हणायची." ती हसली, मग टॉवेल सारखा केला. "रॉन्डाने मला सरळ सांगितलंय. सोफा असला तर पोरं झोपतील. पोरं झोपली तर चारला मला घेऊन फिरायचं त्राण उरेल. सोफा गेला तर होडीही गेली."

मी तिच्या पायांकडे बघत होते. सोमवारी तिच्या मोज्याची कड घोट्यापाशी सैल होती. आता ती मांसात रुतली होती आणि तिच्या वरचा भाग कडेवरून बाहेर आला होता. बुटांचं चामडं दोन्ही बाजूंनी ताणलं गेलं होतं.

"पाय सुजलेत तुमचे."

"पाणी काढायची गोळी असते माझी. घेतली की वीस-वीस मिनिटांनी पळावं लागतं. मंगळवारपासून बंद केली. मी पळाले तर इथे कोण बसणार?"

"डॅरेलना माहीत आहे?"

"डॅरेल सुट्टीवर आहे, बाई."

मग तिने आवाज खाली आणून विचारलं, "तू पाच मिनिटं बसतेस का इथे? मी जाऊन आले असते. सकाळी निघाल्यापासून गेले नाहीये."

"मला बसता येत नाही. मी बसले तर मला माझीच नोंद करावी लागेल."

तिने मान हलवली. ती यावर रागावलेली दिसली नाही.

अकरा वाजता एक्केचाळीस जागा भरल्या होत्या, बारा वाजता एक्कावन्न. सव्वाबाराला मिसेस प्रुइट आल्या. त्या जॉर्जियाच्या, मनगटावर पिवळी पट्टी, हातात बर्फाचा चहा. हा त्यांचा इथला एकविसावा उन्हाळा, हे त्या भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मलाही तीनदा सांगून झालं होतं. त्या अर्धगोल सोफ्यासमोर येऊन थांबल्या.

"काय गोड दिसता हो. एवढ्या मोठ्या सोफ्यावर एकट्या, अगदी राणीसारख्या."

"एकटी नाही. माझी माणसं येतायत."

"येणारच हो. माझीही येतात. पण माझी आल्यावर बसतात." त्यांनी चहाचा घोट घेतला. "ती बर्फाची पेटी कोण लागते तुमची?"

"मुलाची आहे."

"म्हणजे नात."

"हो. आणि घरात थंड डोक्याची तेवढीच एक."

मिसेस प्रुइट मनापासून हसल्या. हसता हसता त्यांनी रेनकोटांची पिशवी उचलून पेटीवर ठेवली आणि त्या जागी बसल्या.

"दोन मिनिटं हं. माझ्या गुडघ्यांना दया करा. किती दिवस आहात?"

"सोमवारपासून."

"अरे वा. आम्ही चौथ्या मजल्यावर, शेवटची खोली. सकाळी पडदा सरकवला की तळं. तुमच्याकडून काय दिसतं?"

अर्डिथ काचेकडे बघून म्हणाली, "पार्किंग."

"पार्किंग," मिसेस प्रुइट म्हणाल्या. हेरन पॉइंटच्या एकाही खोलीतून पार्किंग दिसत नाही. सगळ्या खोल्या तळ्याकडे नाही तर बागेकडे. "बिचाऱ्या तुम्ही. तक्रार करायला हवी. मी सांगू का तिकडे काउंटरवर? मला ओळखतात तिथे."

"नको. आम्हाला आवडतं."

"पार्किंग आवडतं. देव भलं करो तुमचं."

त्या दोन मिनिटांत उठल्या नाहीत. साडेबाराला त्यांची विवाहित मुलगी आली आणि पाठपिशवी खाली ठेवून बसली. अर्डिथ म्हणाली, "ती जागा धरलेली आहे." मुलगी म्हणाली, "मी पिशवीला उठवलं, तिची हरकत नव्हती." आता सोफ्यावर अर्डिथ, त्या दोघी आणि चार जागांवर सामान होतं. अर्डिथने काठी आणि टॉवेल आपल्याकडे ओढून त्यांच्यावर हात ठेवले. दर मिनिटाला ती काचेवरच्या घड्याळाकडे बघत होती.

बारा चाळीसला तिने नाड्या सैल केल्या, बारा सत्तेचाळीसला पूर्ण सोडल्या, बारा बावन्नला वाकून आधी डावा, मग उजवा बूट काढला. मोजेही काढले. मोज्यांच्या जागी दोन खोल वळ होते. तिने डोळे मिटले आणि नाकाने लांब श्वास सोडला. पाय तिने पाठपिशवीमागे लपवले होते, पण पिशवी लहान होती.

एक वाजता मी मोजणीला निघाले. अर्धगोल सोफ्यापाशी आले तेव्हा मिसेस प्रुइट म्हणाल्या, "मुली, तुझ्या त्या पाटीवर अनवाणी असा चौकोन आहे ना? गेल्या उन्हाळ्यात होता."

"आहे."

"नाही, सहज विचारलं. सगळं नीट लिहितेस ना, तेवढंच."

अर्डिथ माझ्याकडे बघत होती. जागा क्रमांक एकतीस : बसलेली, अनवाणी. मी खूण केली.

"काय लिहिलंस?" तिने विचारलं.

"दिसतं ते."

लमार चाळीस सेकंदांत आला. तो उंच, सावकाश बोलणारा माणूस. कुणाशीही बोलताना गुडघा टेकून समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येई.

"मॅम, कसा चाललाय दिवस? एक छोटीशी गोष्ट. बूट तेवढे घालायचे. नियम माझा नाही, वरचा आहे."

"घालते, घालते." तिने उजवा बूट ओढून पाय आत घातला. बोटं गेली, टाच बाहेर राहिली. तिने काठीचं टोक टाचेमागे अडकवून जोर लावला. दुसरा प्रयत्न डाव्यावर, तिसरा पुन्हा उजव्यावर. चौथ्याला तिच्या तोंडून आवाज निघाला, तेव्हा ती थांबली.

"सावकाश, मॅम."

"सावकाश घातला तर नाताळपर्यंत जाईल."

"मग असं करू. तुमच्या खोलीचा नंबर सांगा. मी कुणाला तरी वर पाठवतो, तुमच्या सपाता घेऊन येईल."

अर्डिथने डावा तळहात किंचित उघडला. रॉन्डाने सोमवारी पेनाने त्यावर आकडा लिहिला होता आणि रोज सकाळी तो पुन्हा गिरवला जाई. नंतर अर्डिथ मला म्हणाली, की एक्केचाळीस वर्षं तिने रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं आणि तेवढ्या काळात मोठं असं खोटं एकही बोलली नव्हती.

"एक्केचाळीस सव्वीस," ती म्हणाली.

लमारने खाली बघितलं. मिसेस प्रुइट म्हणाल्या, "चौथ्या मजल्यावर अठराच खोल्या आहेत, बाई. अठरावी आमची."

"मी चुकून—"

"तळहातावर आहे ना तुमच्या," मुलगी म्हणाली. "परत बघा. सहाचा आठ असेल."

अर्डिथने मूठ मिटली. तिच्या मानेवर लाल डाग चढले.

"मॅम," लमार म्हणाला, "मी तुम्हाला होडीच्या धक्क्यापर्यंत सोडतो. व्हीलचेअर आणतो. सामानही आणतो."

"माझी माणसं दीडला येतायत. फक्त पंचवीस मिनिटं. मी पाय टॉवेलखाली ठेवते. माझं चारला..." ती थांबली. "आधी मला बाथरूमला जाऊ दे."

"नक्की, मॅम. ते रस्त्यातच आहे."

व्हीलचेअर एक वाजून नऊ मिनिटांनी हलली. लमारने अर्डिथचं सामान उचललं तेव्हा मी घड्याळ लावलं होतं. तेव्हापासून शेवटची जागा भरेपर्यंत त्रेपन्न सेकंद लागले. मिसेस प्रुइट यांचे जावई, तीन नाती आणि कुठूनसा आलेला एक चुलतभाऊ.

दीडला मला धक्क्यावर उतरणाऱ्यांची मोजणी करायची असे. अर्डिथ लाकडी बाकावर सामानाच्या मध्ये बसली होती, बूट मांडीवर. व्हीलचेअर लमार परत घेऊन गेला होता, ती धक्क्यापर्यंतच असते. बाकावर सावली नव्हती.

होडीतून एकोणतीस जण उतरले. त्यातले पाच पोपटी टी-शर्टांतले. रॉन्डाने सासूकडे बघितलं, मग सामानाकडे, मग घड्याळाकडे.

"तू इथे का?"

अर्डिथने सांगितलं. थोडक्यात आणि खरं सांगितलं, टॉवेल आणि नंबरासकट. त्याच वेळी जोलीन पार्किंगकडून चालत आली. केस अजून ओले होते.

"मॅमॉ," रॉन्डा म्हणाली, "एकच काम होतं तुला. बसायचं."

"बसले होते गं."

"मोठा सोफा गेला? सगळा?" थोरला मुलगा म्हणाला आणि धक्क्याच्या फळ्यांवरच आडवा झाला. धाकटा त्याच्या पोटावर डोकं ठेवून पडला. किन्स्ली उभी होती, चेहऱ्यावर रंगवलेलं फुलपाखरू घामाने हनुवटीपर्यंत ओघळलेलं.

डॅरेलने आईच्या पायांकडे बघितलं. "मॉम, हे काय झालं?"

"काही नाही. उष्णतेनं."

"रॉन, पार्कातल्या दुकानात मोठ्या सपाता मिळतात. हिला घेऊन जाऊ चारला, घालू—"

"कशी जाणार ती दुकानापर्यंत? अनवाणी फाटकातून घेत नाहीत. म्हणजे तू आत जाणार, घेणार, बाहेर येणार, घालणार, व्हीलचेअर शोधणार. चाळीस मिनिटं. तेवढ्यात परेडची जागा कोण धरणार? मॅमॉ?"

थोरला पडल्या पडल्या हसला. डॅरेलने टोपी काढली, आतून पुसली आणि पुन्हा घातली.

"मग होडी?" किन्स्लीने विचारलं.

"होडीत आँट जोलीन बसेल तुझ्याबरोबर." रॉन्डाने हात पुढे केला. "मॅमॉ, तुझं तिकीट कोरं आहे. वाया घालवण्यात काय अर्थ आहे?"

पहिल्यांदा आत जाताना तिकिटावर बोटाचा ठसा घेतात. तोपर्यंत ते कुणालाही चालतं.

"मला नसलं तरी चालेल हं," जोलीन म्हणाली. "म्हणजे मॅमॉला वाईट वाटणार असेल तर."

अर्डिथने नातीकडे बघितलं. "किन्स्ली, पहिल्या ओळीत मी आणि तू बसणार होतो ना? मी काठी घेऊन येईन. ते मला अडवणार नाहीत, मी विचारीन त्यांना."

किन्स्ली तिच्या पायांकडे बघत होती. तिने नाक मुरडलं.

"सगळे बघतील, मॅमॉ. ते पाय... मी व्हिडिओ काढीन ना. तू नंतर बघ."

"बरं," अर्डिथ म्हणाली. तिने गळ्यातलं पाकीट उघडलं. तिकीट काढायला वेळ लागला, कारण बोटंही सुजली होती. ते तिने रॉन्डाच्या हातात न देता जोलीनला दिलं. "पहिल्या ओळीत बसा. मागे काही दिसत नाही म्हणतात."

रॉन्डाने वेळापत्रकावर दोन रकान्यांवर काट मारली. सोफा नाही तर निदान आतल्या गार नाट्यगृहात पोरांना झोपवू, असं ठरलं. बर्फाची पेटी, पाठपिशव्या, रेनकोट बाकाजवळ राहिले. डॅरेलने जाताना पाण्याची बाटली काढून आईजवळ ठेवली.

"नऊपर्यंत येऊ, मॉम. सामानाकडे लक्ष दे."

दोनची होडी सुटली. किन्स्ली कठड्याशी उभी राहून फोनमध्ये बघत होती.

दोन ते सव्वादोन माझी सुट्टी असे. मी बाकापाशी गेले.

"मोजायला आलीस?" अर्डिथ म्हणाली.

"सुट्टी आहे माझी."

"मग बस. आता बसता येतं तुला."

मी बसले. तिने रविवारच्या शाळेचं सांगितलं ते तेव्हा. मग डावा पाय उचलून पेटीवर ठेवला.

"माझ्या बहिणीला शेवटी अशीच सूज होती. डॉक्टर नडगीवर अंगठा दाबायचा आणि म्हणायचा, खड्डा किती वेळ राहतो ते बघत जा, जितका जास्त तितकं वाईट. मी कधी मोजलं नाही. मला बघवायचं नाही." तिने नडगीवरचा कपडा वर सरकवला. "तुझं घड्याळ बरोबर असतं ना?"

"असतं."

"मग दाब."

घोट्याच्या चार बोटं वर, हाडाच्या सपाट भागावर मी अंगठा ठेवला आणि पाच सेकंद दाबून धरला. त्वचा गरम होती. अंगठा उचलला तेव्हा नखाच्या कडेसकट खड्डा उमटला होता. मी घड्याळ लावलं.

खड्डा भरून यायला दोन मिनिटं चौदा सेकंद लागली.